पोराचा 'कॅम' आणि घरची गाडी

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवा शब्द शिरलाय – 'मॉडिफाय'. मुलगा कॉलेजला गेला, हातात मोबाइल आला, की त्यावर गाड्यांचे व्हिडिओ सुरू होतात. आधी मोठे टायर, मग सायलेन्सर, मग स्पीकर. एवढ्यावर थांबलं तर आपणही 'वय आहे त्याचं' म्हणून सोडून देतो. पण एखाद्या दिवशी चिरंजीव म्हणतात, "आई, इंजिनात परफॉर्मन्स कॅमशाफ्ट टाकायचाय. पैसे दे."

आता हे काय नवीन? बाबांना विचारावं तर ते पेपरातून डोकं वर काढत नाहीत. मेकॅनिकला विचारावं तर तो आपल्याकडे न बघता मुलाशीच बोलतो. जणू बाईला इंजिनातलं काय कळणार! पण घराचे पैसे आपल्या हातून जातात, त्याच गाडीतून सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं, आणि आता आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. मग हे समजून घ्यायला नको? 'नाही' म्हणायचं असेल तरी ते कारणासकट म्हणावं, आणि 'हो' म्हणायचं असेल तर कुठला कॅम, हे आपल्यालाही सांगता यावं.

आणि हा विषय आपल्याला इतका परकाही नाही हं! आपल्या सोलापुरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीत कॅमशाफ्ट बनतात आणि देशातल्या नि परदेशातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना जातात. म्हणजे चादर आणि शेंगाचटणीच्या गावातला हा दांडा जगभरच्या इंजिनांत फिरतोय.

इंजिनाचा श्वास

कॅमशाफ्ट म्हणजे साध्या भाषेत अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला एक दांडा. इंजिनाला श्वास घ्यायला एक झडप असते आणि सोडायला दुसरी. यांनाच मेकॅनिक 'व्हॉल्व्ह' म्हणतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला दाबतो आणि तो उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत बंद करते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे काटा ३००० वर असेल तर कॅमशाफ्ट मिनिटाला १५०० फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो नि मिटतो. आपली पापणी लवेपर्यंत त्याची कितीतरी उघडझाप झालेली असते!

इंजिनाने कधी, किती वेळ आणि किती खोल श्वास घ्यायचा, हे या उंचवट्याचा आकार ठरवतो. प्राणायाम शिकलेल्या मैत्रिणींना हे पटकन कळेल. सावकाश चालताना जो श्वास पुरतो, तो धावताना पुरत नाही. पण धावतानाचा श्वास घेत कुणी देवळात प्रदक्षिणा घालायला लागलं, तर धापच लागेल. परफॉर्मन्स कॅमची सगळी गोष्ट एवढीच आहे.

कंपनी गाडीत जो कॅम बसवते, तो तडजोडीचा असतो. गर्दीत, घाटात, एसी लावून, पाच माणसं बसवून, कमी पेट्रोलमध्ये गाडी सुरळीत चालावी असा. परफॉर्मन्स कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उंच उघडे ठेवतो. त्यामुळे वरच्या वेगात इंजिनाला जास्त हवा मिळते, ताकद वाढते. पण ही ताकद फुकट मिळत नाही. ती खालच्या वेगातून काढून वर नेलेली असते. एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात!

चार शब्द कळले की झालं

कॅम निवडताना चार शब्द कानावर पडतात. ते एकदा समजले की मेकॅनिकही आपल्याकडे बघून बोलायला लागतो.

पहिला शब्द 'लिफ्ट'. व्हॉल्व्ह किती उघडतो, ते मिलिमीटरमध्ये सांगतात. छोट्या गाड्यांत हे माप साधारण ७ ते १० मिलिमीटरच्या घरात असतं.

दुसरा 'ड्युरेशन'. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, ते क्रँकच्या अंशांत मोजतात. कॅमचा स्वभाव सगळ्यात जास्त यावर ठरतो. अमेरिकेतल्या जाणकारांचा एक ढोबळ आडाखा आहे – ड्युरेशन १० अंशांनी वाढलं की इंजिनाची ताकद साधारण ५०० फेऱ्यांनी वर सरकते. म्हणजे आधी २००० ला जोर धरणारी गाडी २५०० ला धरेल. ३० अंशांनी वाढवलं तर? सिग्नलवरून निघताना गाडी झोपलेलीच!

इथे एक गोम आहे. ड्युरेशन दोन प्रकारे सांगतात. एक पूर्ण, म्हणजे व्हॉल्व्ह किंचित हलल्यापासून मिटेपर्यंत. दुसरं, ठरावीक उंची गाठल्यापासूनचं – युरोपात बहुधा १ मिलिमीटर, अमेरिकेत ५० हजारांश इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर. एकाच कॅमच्या या दोन आकड्यांत ४०-५० अंशांचा फरक सहज पडतो. सोनाराकडे आपण विचारतो ना, 'हे वजन खड्यांसकट की निव्वळ सोन्याचं?' तसंच इथेही विचारायचं. दोन कॅमची तुलना करायची तर दोघांचं माप एकाच पद्धतीचं हवं.

तिसरा शब्द 'ओव्हरलॅप'. धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आत हवा आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. थोडा वेळ दोन्ही उघडे असतात. चूल आठवा. पुढचं-मागचं दार उघडं आणि वारा जोराचा असेल, तर धूर झटकन बाहेर जातो. पण वारा पडला की तोच धूर घरात फिरतो. इंजिन जोरात फिरत असताना ओव्हरलॅपचा फायदा होतो. गाडी नुसती उभी असताना मात्र जळका धूर परत आत शिरतो, ताज्या हवेत मिसळतो, आणि इंजिन थरथरायला लागतं.

चौथा 'लोब सेपरेशन'. आत घेणाऱ्या नि बाहेर सोडणाऱ्या उंचवट्यांच्या टोकांमधलं अंतर. ते ११२-११४ अंश असेल तर ओव्हरलॅप कमी आणि गाडी शांत. १०६-१०८ वर आलं तर ओव्हरलॅप जास्त आणि गाडी तापट. ज्या गाड्यांत एकाच दांड्यावर दोन्ही उंचवटे असतात, तिथे हे अंतर कॅम घडवतानाच ठरलेलं असतं, नंतर बदलता येत नाही.

तो 'धड-धड' आवाज

मुलांना बहुतेक वेळा ताकदीपेक्षा आवाज हवा असतो. व्हिडिओतली अमेरिकन गाडी उभ्या जागी 'धड-धड, धड-धड' करत डुलते, तो आवाज. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या गाड्या घेऊन कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर शर्यती लावायची. त्यांच्यातल्याच एड इस्केंडेरियन यांनी १९४६ मध्ये कॅम घडवायचा धंदा सुरू केला आणि पुढे ते या क्षेत्रातलं मोठं नाव झालं. तिथूनच ही आवड जगभर पसरली.

पण त्या गाडीत काय आहे ते बघा. तिथलं गाजलेलं शेवरलेचं इंजिन आठ सिलिंडरचं, ५७०० सीसीचं. एकेक सिलिंडर ७०० सीसीच्या वर. आपल्या १३०० सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीत एकेक सिलिंडर ३२५ सीसीचा! मोठ्या इंजिनाकडे खालच्या वेगातही भरपूर जोर असतो; त्यातला थोडा गेला तरी गाडी चालते. आपल्या छोट्या इंजिनाकडे मुळात शिल्लकच कमी. त्यात खालचा जोर गेला तर उरणार काय? शिवाय तोच आकडा लहान इंजिनात जास्त तापट वागतो. म्हणून अमेरिकन यादीतला आकडा उचलून आपल्या गाडीला लावायचा नाही. श्रीमंताच्या घरचा खर्च बघून आपलं बजेट ठरवतो का आपण?

आणि हा डुलणारा आवाज म्हणजे काही ताकद नव्हे. ओव्हरलॅपमुळे इंजिन नीट पेट घेत नाही, त्याचा तो आवाज आहे. पूर्वी घासलेटचा स्टोव्ह भकभक करायचा, तेव्हा आपण 'काय जोरात चाललाय' म्हणत नव्हतो, पिन घालत होतो!

ब्रेकची गोष्ट

आता सर्वात महत्त्वाचं. पेट्रोल गाडीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो, तो इंजिनात तयार होणाऱ्या पोकळीमुळे, म्हणजे व्हॅक्यूममुळे. चांगलं इंजिन नुसतं चालू असताना ही पोकळी साधारण १७ ते २१ इंच भरते. ओव्हरलॅप वाढला की ती कमी होते. फार कमी झाली की ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. तरुण मुलगा लाथ मारून गाडी थांबवेल. पण गुडघे दुखणारी आई? नुकतीच शिकलेली सून? घरची गाडी म्हणजे ती घरातल्या सर्वांत अशक्त माणसालाही थांबवता आली पाहिजे. माझ्या मते कॅम निवडण्याची पहिली कसोटी हीच.

पोकळी कमी झाल्याचे आणखीही परिणाम होतात. अनेक गाड्यांत संगणक हीच पोकळी मोजून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. तो गोंधळला की जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. आयडलिंग ७००-८०० वरून हजाराच्या वर न्यावं लागतं. एसी लावला की गाडी बंद पडू पाहते. आणि न जळलेलं पेट्रोल धुरातून बाहेर पडतं, ते पीयूसीच्या तपासणीत लगेच दिसतं.

एका घरातला हिशेब

आमच्या महिला मंडळातल्या एका वहिनींच्या घरी हाच प्रश्न आला होता. २००४ सालची एस्टीम. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यायचं, वाटेत घाट. मुलाने कुठून तरी २८८ अंशांचा, रॅलीच्या गाडीचा कॅम बघून ठेवलेला. घरात रोज वाद. वहिनी शिक्षिका होत्या, त्यांनी वाद बंद करून मुलाला एक वही दिली. म्हणाल्या, "तीन आठवडे प्रत्येक फेरी लिही. किती माणसं, कुठला रस्ता, एसी चालू की बंद, आणि तो आरपीएमचा काटा जास्तीत जास्त कुठे गेला."

पोरगं प्रामाणिक. लिहीत गेलं. तीन आठवड्यांनी वही उघडली तर काय? काटा बहुतेक वेळा १५०० ते ३००० च्या मध्ये. घाटात ३५००. ५००० च्या वर गेला तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा चिरंजीव एकटेच बायपासला गेले होते! तो रॅलीचा कॅम खरा जोर धरणार ४००० च्या पुढे. म्हणजे आजोबांच्या एकाही फेरीत त्याचा उपयोग नाही, उलट घाटात चढावर गाडी थांबली तर परत उचलताना क्लच जळायचा.

वहिनींनी मग एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने आधी कॉम्प्रेशन तपासलं, मग वरचं कव्हर काढून कॅमचे उंचवटे मापले. दोन उंचवटे चक्क झिजलेले! व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नव्हते. म्हणजे मुलगा म्हणत होता ते खरंच होतं, गाडी 'मरगळली' होती. पण तिला रॅलीचा कॅम नको होता, स्वतःचा धड असलेला कॅम हवा होता. कंपनीच्या मापाचा नवा कॅम बसवला, टॅपेट सेट केले, टायमिंग बेल्ट आणि प्लग बदलले. गाडी घाटात पुन्हा ओढायला लागली. मुलगा आठवडाभर रुसला होता. पहिल्या घाटाच्या फेरीनंतर मात्र घरी येऊन म्हणाला, "आजोबांना गिअर बदललेला कळलाच नाही आज." आजोबा झोपले होते!

ताकद कमी वाटते म्हणून नवं घेण्याआधी जुनं मोजून बघा, हे मला त्यातून फार पटलं.

आणि तरीही बदलायचाच असेल तर?

हौस ही वाईट गोष्ट नाही. जुनी गाडी मनापासून जपणारी, तिच्यावर मेहनत घेणारी मुलं मला आवडतात. अशांनी काय निवडावं?

कॅमच्या यादीत पायऱ्या असतात. साधारणपणे पूर्ण ड्युरेशन २६० ते २७० अंशांच्या आसपास असलेला कॅम 'रस्त्यासाठी' म्हणून दिला जातो. २८० च्या पुढे रॅलीचे, आणि ३०० च्या आसपास शर्यतीचे. रोजच्या गाडीसाठी पहिल्याच पायरीवर थांबायचं. दोन कॅममध्ये मन घुटमळत असेल, तर लहान घ्यायचा. लहान घेतल्याचा पस्तावा क्वचित होतो, मोठा घेतल्याचा रोज होतो.

कॅम एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. लिफ्ट वाढली की जुन्या स्प्रिंगा पुरत नाहीत. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना आदळणार नाहीत ना, ते मोजावं लागतं; आदळले तर इंजिनच खोलावं लागतं. संगणकाचं ट्यूनिंग करावं लागतं. मोठ्या कॅममध्ये हवेचा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, थोडी हवा परत निसटते, म्हणून कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं. शेवटी बसवणूक. कॅम अंशांची चकती लावून, मोजून बसवायचा असतो. नुसती खूण जुळवून भागत नाही. हा सगळा खर्च कॅमच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून बजेट सगळ्याचं मिळून मागा.

जुनाच कॅम घासून नवा आकार देणारेही असतात. त्यात कॅमचा मूळ गोल बारीक होतो, त्यामुळे व्हॉल्व्हचं अंतर नव्याने जुळवावं लागतं. शिवाय ओतीव कॅमची वरची कातडी मुद्दाम झटकन थंड करून कठीण केलेली असते. ती जास्त घासली गेली तर आतला मऊ भाग उघडा पडतो आणि कॅम लवकर झिजतो. स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जायचं नाही.

तुमच्या गाडीच्या इंजिनात व्हीव्हीटी किंवा व्हीटेक असेल तर मुलाला सांगा, बाबा, तुला हवं ते कंपनीने आधीच दिलंय. होंडाने १९८९ मध्ये जपानमध्ये व्हीटेक आणलं, ते याच दुखण्यावरचं औषध म्हणून. एकाच दांड्यावर सावकाश चालीचे नि धावेचे असे दोन्ही उंचवटे, आणि वेग वाढला की इंजिन आपणहून दुसऱ्यावर जातं. साध्या व्हीव्हीटीत उंचवटा तोच राहतो, पण तो कधी दाबायचा ती वेळ बदलते. अशा इंजिनात ढवळाढवळ न करणंच बरं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेले भाग बसवले तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. लक्षात घ्या, मालकाला! गाडी तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर असेल तर उत्तर तुम्हाला द्यायचंय. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगता केलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो.

ज्या मुलाला खरंच शर्यतीचं वेड आहे, त्याच्यासाठी जागा आहे – ट्रॅक. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना काढून, वेगळ्या गाडीत, हेल्मेट घालून. तिथे पोरंच असतात असं नाही हं! पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं अजिंक्यपद मिळवलं. असं यश मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. दोन मुलांची आई आहे ती. शर्यतीचा कॅम शोभतो तो तिथे.

गॅरेजमध्ये विचारायचे सहा प्रश्न

१. आताचा कॅम आणि कॉम्प्रेशन मोजलं का? आकडे दाखवा.
२. नव्या कॅमचं ड्युरेशन किती, आणि ते पूर्ण की १ मिलिमीटरवरचं?
३. गाडी किती फेऱ्यांना जोर धरेल? आमचा काटा ३००० च्या वर क्वचित जातो.
४. एसी लावून उभी असताना पोकळी किती राहील? ब्रेक कडक होणार नाही ना?
५. स्प्रिंगा, ट्यूनिंग, बसवणूक धरून एकूण खर्च किती?
६. पीयूसी होईल ना? आणि नाही आवडला तर जुना कॅम परत बसवून द्याल ना?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तरी जुना कॅम गॅरेजात ठेवू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून घरी आणा. आणि काम झाल्यावर गाडीची चावी आधी स्वतःच्या हातात घ्या. एसी लावा, मागे दोघांना बसवा, चढावर थांबून गाडी परत उचला, मग हळूच ब्रेक दाबून बघा. तुमच्या पायाला तो हलका लागला, तरच गॅरेजवाल्याचे उरलेले पैसे द्या.